न उचललेली चादर

पौड, २९ मे १९५८

नापास. हा शब्द आधी एकदा स्वच्छ अक्षरात लिहून टाकते, म्हणजे उद्यापासून त्याला भ्यायला नको. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत, सर्जरीच्या प्रॅक्टिकलमध्ये, नापास.

लेखीत सगळ्या पेपरांत पास आहे. सर्जरीच्या लेखीत तर अख्ख्या वर्गात चौथी. लेखी पेपरावर नुसता नंबर असतो. नाव नसतं, वेणी नसते, पातळ नसतं. प्रॅक्टिकलला मात्र मी सगळीच्या सगळी परीक्षकांपुढे उभी असते.

पुण्याहून येताना एस.टी.च्या तिकिटामागे गणित मांडलं. वर्गात आम्ही मुली सात. लेखीत सातही पास. सर्जरीच्या प्रॅक्टिकलला चौघी नापास. मुलगे त्र्याऐंशी, त्यांतले नापास नऊ. अण्णांच्या शाळेतल्या चौथीच्या पोरालाही यातलं काय ते कळेल. आमच्या कॉलेजात कुणाला कळत नाही. ऑफिसातला कारकून वर तोंड करून म्हणाला, "बाई, बाळंतपणाच्या प्रॅक्टिकलात चांगले मार्क आहेत की तुम्हाला! बायकांचं बायकांना जमतं." त्याच्या टेबलावरची दौत मी हातात घेतली होती. परत ठेवली.

अण्णांनी मार्कांचा कागद दोनदा वाचला. हेडमास्तर माणूस, कागद घडी घालूनच परत देतात. म्हणाले, "पुन्हा कधी?" मी म्हटलं, "ऑक्टोबर." मग म्हणाले, "भूगावच्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबा म्हणून कळवतो. पास झालीस तर त्यांना नाही म्हणेन. नाही झालीस, तर प्रयाग, मग मला नाही म्हणता येणार नाही."

आई आतून म्हणाली, "जेवून घ्या आधी." आज तिने माझ्या आवडीची मासवडी केली होती. पास झाल्याची.

३१ मे

त्या दिवशी काय झालं ते लिहून ठेवते. पुढे कुणी विचारलं तर माझ्याजवळ पुरावा असावा.

एप्रिलची सात तारीख. मला दिलेला पेशंट पन्नाशीच्या पुढचा, रापलेला, डोक्याला मळकं मुंडासं. अर्ध्या तासात त्याची सगळी हकीकत विचारायची, तपासायचं आणि परीक्षकांना निदान सांगायचं. म्हातारा गप्पिष्ट निघाला. मी त्याला विचारण्याऐवजी त्यानेच मला विचारलं, कुठली, कुणाची. मी सांगितलं, पौडची, हैबतराव मास्तरांची. त्यात पाच मिनिटं गेली. मग म्हणाला, बेंबीच्या वर दुखतं, ओझं उचललं की जास्त. मी पोट तपासलं. वॉर्डबॉयने चादर कमरेपर्यंत ओढून दिली आणि म्हणाला, राहू द्या बाई आता. मी जठराच्या व्रणाचं निदान सांगितलं.

परीक्षकांनी एका झटक्यात चादर ओढली. जांघेत मुठीएवढा हर्निया. "मिस ढमाले, एवढी मोठी गाठ तुम्हाला चादरीवरूनसुद्धा दिसली नाही?" मागे कुणीतरी हसलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आता माझं म्हणणं ऐका. तीन वर्षं वॉर्डात असला पेशंट आला की सर म्हणायचे, "लेडीज, तुम्ही स्त्रियांच्या वॉर्डात जा." आम्ही सातजणी निमूट निघायचो. मुलगे कॉटभोवती कोंडाळं करायचे, प्रत्येकाचा हात त्या गाठीवर एकदा तरी फिरायचा. जे आम्हाला तीन वर्षं बघू दिलं नाही, ते दिसलं नाही म्हणून आम्ही नापास! याला शिक्षण म्हणतात. मी याला लबाडी म्हणते.

९ जून

आजपासून लोकल बोर्डाच्या दवाखान्यात जाते. डॉक्टर शेजवलकर इथे बारा वर्षं आहेत. मी म्हटलं, मला पुरुष पेशंट तपासायची सवय करायची आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते बाक तुमचं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. असा रुक्ष माणूस मी पाहिला नाही.

२१ जून

डॉक्टर शेजवलकरांच्या आळसाची कमाल आहे. बायकामुलं आली की स्वतः तपासतात, आणि बाप्ये आले की त्यांना मागच्या खोलीत चहाची आठवण होते. कंपाउंडर भिकू लगेच ओरडतो, "डॉक्टर न्हाईत, त्या बाकाकडं सरका!" डॉक्टर पडद्याआड दहा पावलांवर बसलेले असतात, मला त्यांच्या बशीचा आवाज ऐकू येतो. मला फुकटची नोकर मिळाल्यासारखं वागवतात.

आज तिघेजण माझ्या बाकाकडे बघून परत गेले. एक तर म्हणाला, "औषिद न्हाई मिळालं तरी चालंल, पर बाईम्होरं न्हाई." मी तोंडातल्या तोंडात त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

रंभाबाई, दवाखान्याची आया, झाडता झाडता थांबली. "तुमचं इचारणंच चुकतंय."

"म्हणजे?"

"तुमी म्हनता, दाखवता का, दाखवाल का. असं इचारल्यावं मानूस न्हाईच म्हननार. इचारू नगा. सांगा. दार लावा, आपली पाठ फिरवा, धा मोजा आन् वळा."

मला राग आला. पाच वर्षं कॉलेजात काढून आता झाडूवालीकडून शिकायचं! रागारागाने दुपारी तसंच करून पाहिलं. जांब्याचा गेणबा होता, मांडीला गळू. पाठ फिरवली, दहा मोजले, वळले. गेणबा तयार होऊन पडला होता, डोळे गच्च मिटून. गळू फोडलं. जाताना म्हणाला, "हात हलका हाय."

रंभाबाईला काही सांगितलं नाही. तिने मात्र सांडलेलं पाणी पुसताना हसू दाबलेलं मी पाहिलं.

६ जुलै

दमयंतीचं पत्र. आम्हा चौघी नापासांतली दुसरी. तिला परीक्षेत अंडवृद्धीचा पेशंट आला होता. तिने चादर उचलली. तर परीक्षक म्हणाले, "अहो, जरा मर्यादा!" आणि ती इतकी गोंधळली की पुढे एक शब्द फुटला नाही. म्हणजे उचलली नाही तरी नापास, उचलली तरी नापास. आता मला कुणी सांगावं, आम्ही त्या चादरीचं करायचं तरी काय?

तिचं लग्न श्रावणाआधी उरकताहेत. पुस्तकं धाकट्या भावाला दिली. तो आता डॉक्टर होणार. पत्राच्या शेवटी लिहिलंय, "तू तरी बस गं परीक्षेला." पत्र वाचून मी परसात गेले आणि लाकडं फोडत बसले. आई म्हणाली, एवढी लाकडं गणपतीपर्यंत पुरतील.

१७ जुलै

आठ दिवस पाऊस थांबलेला नाही. दवाखान्यात चिटपाखरू नाही. बसल्या बसल्या ३१ मेचं पान वाचलं आणि एका वाक्यापाशी अडले.

वॉर्डबॉयने चादर ओढली नव्हती. वॉर्डबॉय तिथे नव्हताच. चादर म्हाताऱ्याने स्वतःच घट्ट धरून ठेवली होती, आणि मला ते बरं वाटलं होतं. मला सुटल्यासारखं झालं होतं. कुणीच मला नको म्हटलं नव्हतं, आणि मी लिहिताना एक वॉर्डबॉय उभा केला. स्वतःच्याच वहीत, जी दुसरं कुणी वाचत नाही!

यामुळे त्या लोकांची लबाडी कमी होत नाही. ती आहे तेवढीच आहे. पण तीन वर्षं "लेडीज, तुम्ही जा" ऐकलं की पुढे कुणी सांगावं लागत नाही, माणूस आपलं आपणच जातं. त्याचा मला जास्त संताप येतो.

१२ ऑगस्ट



डॉक्टर आज खरोखरच नव्हते, बोर्डाच्या कामाला पुण्याला गेले होते. साडेदहाच्या सुमाराला चार धनगर एका माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून घेऊन आले. ताम्हिणीच्या वरच्या अंगाला त्यांचा वाडा, रात्रभर चालत होते, भिजून चिंब. बरोबर त्याची बायको सुंदरा. झोळीतला माणूस भिंतीकडे तोंड करून कण्हत होता. कालपासून उलट्या.

"कुठे दुखतं, बाबा?"

"बेंबीच्या वर," तो म्हणाला. "ओझं उचाललं की लई."

मी लिहायलाही लागले होते. "बेंबीच्या व" एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. तोच आवाज. तीच वाक्यं. तेच मुंडासं, त्यातून पाणी निथळत होतं.

मी म्हटलं, "बाबा, एप्रिलात तुम्ही पुण्याच्या इस्पितळात होता."

सुंदराच म्हणाली, "व्हता की. दोन म्हैनं ठिवून घेतला आन् बिगर कापताच धाडला."

"रंभाबाई, दार लावा."

"न्हाई, न्हाई," म्हातारा धोतर मुठीत धरून ओरडला. "मास्तराची लेक हाय ती! डाक्टरला बलवा!"

"डॉक्टर संध्याकाळी येतील. तोवर तुम्ही नसाल," मी म्हटलं. असं पेशंटला सांगू नये म्हणतात. मी सांगितलं. मग सुंदराला म्हटलं, घोंगडी धरा. तिने ती ओली घोंगडी दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुजी लाज मी हितं धरून उभी हाय. पोरीला तिचं काम करू दे." मी पाठ फिरवली, दहा मोजले, वळले.

गाठ एप्रिलातल्यापेक्षा मोठी, घट्ट, तापलेली. हात लावताच तो किंचाळला. खोकायला सांगितलं तर गाठ जराही हलेना. आतडं अडकलं होतं, पीळ पडल्यासारखं. पुस्तकात ती गाठ हाताने दाबून आत घालायचा उपाय दिला आहे, पण फार वेळ झाला असेल तर नको, आत आतडं फाटतं, असंही दिलं आहे. माझे हात शिवशिवत होते. जमलं असतं तर सगळ्या तालुक्यात नाव झालं असतं. मी हात मागे घेतले. आजच्या आज ऑपरेशन, दुसरं काही नाही.

चिठ्ठी लिहिली. खाली सही केली, प्रयाग हैबतराव ढमाले. नावापुढे लिहायला काही नव्हतं. भिकूने भर रस्त्यात उभं राहून पुण्याची एस.टी. थांबवली, कंडक्टरने मागचं बाक रिकामं केलं. मी सोबत गेले.

इस्पितळात ड्यूटीवर कोण असावा? आमच्या वर्गातला देवधर, एप्रिलात पास झालेला. पेशंटला बघून हसायला लागला. "अरे, हा तर आपला परीक्षेचा हर्निया! मलाही हाच आला होता. बिड्यांचं बंडल दिलं, तर गड्याने निदानासकट सगळं सांगितलं." मग सहज म्हणाला, "परीक्षेसाठी इतका छान हर्निया मिळत नाही, म्हणून ऑपरेशन लांबवलं होतं. नंतर पावसाळ्यानंतर ये म्हणून सांगितलं वाटतं."

परीक्षेला छान! एका माणसाच्या आतड्याची आम्ही फळ्यावरची आकृती केली, झाली परीक्षा की पुसून टाकली. देवधरला मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण त्याने धावत जाऊन सर्जनना बोलावून आणलं एवढं खरं.

चार वाजता सर्जन बाहेर आले. आतडं काळं पडू लागलं होतं, पण जिवंत होतं. म्हणाले, "दोन तास उशीर झाला असता तर कापून काढावं लागलं असतं. कुणी पाठवला?" देवधर म्हणाला, "पौडच्या दवाखान्याने." मी तिथेच उभी होते.

१९ ऑगस्ट

त्या म्हाताऱ्याला, सिद्धू धनगराला, भेटायला पुण्याला जाऊन आले. उठून बसतोय, शेळ्यांची काळजी करतोय. मी सरळ विचारलं, "बाबा, परीक्षेत मुलग्यांना खरं सांगितलंत. मग मला पोटात दुखतं असं का सांगितलंत?"

त्याने चादरीचा काठ बोटांत गुंडाळला. "तुज्या बानं माज्या गायरानाचा अर्ज लिवला. एकदा न्हाई, चार येळा. तू परकरात असताना मी तुमच्या वट्यावर बसून ताक प्यालोय. आन् तुज्याम्होरं मी धोतर सोडू? मी म्हनलो, पोर लाजंल, तिची परीक्षा बिघाडंल. म्हून वरचं दुखणं सांगितलं. तुजं बरंच करत हुतो मी."

"मी नापास झाले, बाबा. त्याच्यामुळं."

त्याला हे कळेचना. "पोटात दुखतंय म्हनल्यावर नापास करत्यात व्हय?" मग त्याचा चेहराच पडला. "म्हंजी मी खोटी साक्ष दिली. पंचाम्होरं सांगाय पायजे."

मी हसून उठले. त्याच्यावर रागावायचं ठरवून गेले होते. ज्याने माझं वाटोळं केलं तो माझी अब्रू राखत होता, आणि ज्यांनी त्याचं वाटोळं केलं त्यांनी माझे मार्क कापले. आता या दोन्ही रागांची मोट बांधून मी कुणाच्या दारात टाकू?

४ ऑक्टोबर

परीक्षेला दहा दिवस. भिकूने आज रजिस्टरची शेवटची पानं दाखवली. डॉक्टरांच्या अक्षरात: "प्रयागबाईंनी तपासलेले पुरुष: ११८." खाली यादी, प्रत्येकापुढे तारीख आणि बरोबर-चूक अशी खूण. सोळा चुका. आळशी माणसाला असल्या नोंदी करायला बरा वेळ मिळतो! पडद्याच्या फटीतून बघत असणार. इतकं होतं तर स्वतः उठून तपासायला काय झालं होतं?

जाताना डॉक्टर म्हणाले, "गेल्या महिन्यात एकही चूक नाही." आणि पेपर वर केला.

१४ ऑक्टोबर, पुणे

परीक्षक तेच. पेशंट बैलगाडी हाकणारा, तरणा, घाबरलेला. मी पडदा ओढला, पाठ फिरवली, दहा मोजले, वळले. डोक्यापासून पायापर्यंत काही सोडलं नाही. सगळं नीट सांगितलं. परीक्षकांनी समोरचा कागद चाळला.

"एप्रिलात तुम्ही पेशंटची चादरसुद्धा उचलली नव्हती. आता काय बदललं?"

"तीन वर्षं आम्हाला वॉर्डाबाहेर पाठवलं जात होतं, सर. आणि मी जात होते. आता जात नाही."

त्यांची भुवई वर गेली. तेवढ्यात दाराशी गलका. शिपाई कुणालातरी अडवत होता, आणि तो आवाज मला पाठ होता. "पंच हितंच बसल्यात न्हवं? मग मला सोड."

सिद्धू. नवं मुंडासं, हातात काठी, मागे सुंदरा. परीक्षेची तारीख अण्णांनी सांगितली म्हणे. अण्णा माझ्याशी परीक्षेबद्दल महिनाभर चकार शब्द बोलले नव्हते.

परीक्षक वैतागले, पण दुसरे म्हातारे परीक्षक म्हणाले, "येऊ द्या हो, काय म्हणतो बघू."

सिद्धूने मुंडासं काढून जमिनीवर ठेवलं. "सायेब, चैतात मी ह्या पोरीला खोटं सांगितलं. दुखणं हितलं व्हतं, मी वरलं सांगितलं. दोस माजा हाय, तिचा न्हाई." आणि ज्याने माझ्यापुढे मरण पत्करलं असतं पण धोतर सोडलं नसतं, त्या माणसाने तिथे, सगळ्या डॉक्टरांपुढे, शिपायापुढे, ड्यूटीवरच्या देवधरपुढे, कासोटा सैल करून जांघेतला व्रण दाखवला. "हे हिनं वळखलं. दवाखान्यात, दार लावून. हिनं हात लावला म्हून मी हितं उभा हाय."

खोलीत कुणी हसलं नाही.

परीक्षकांनी वाकून तो व्रण पाहिला, नीट पाहिला. मग चष्मा पुसला. "बरं, बाबा. साक्ष ऐकली. पण एप्रिलचे मार्क आता बदलता येत नाहीत." माझ्याकडे वळून म्हणाले, "आज मात्र, मिस ढमाले, अगदी पुरुषासारख्या धीटपणाने तपासलंत."

सिद्धूने मुंडासं उचललं.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "पुरुष तर त्या दिशी मी व्हतो. भ्यालो त्यो मीच."

पौड, ५ नोव्हेंबर

पास.

अण्णांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि या वेळी मला परत न देता स्वतःच्या खिशात ठेवला. मग भूगावला पत्र लिहायला बसले. आईने पुन्हा मासवडी केली. डॉक्टर शेजवलकरांनी माझं बाक खिडकीजवळ सरकवून घेतलंय, म्हणे तिथे उजेड बरा. कामं ढकलायला आणखी सोयीचं, दुसरं काय!

सगळे म्हणतात, झालं ना आता, राग सोड. सोडला असता. पण दुपारी ते एस.टी.चं जुनं तिकीट वहीतून खाली पडलं. चार भागिले सात. त्या चौघींतली एक मी. दमयंतीचं लग्न होऊन तीन महिने झाले. तिसरीने शिक्षण सोडलं, चौथीचा पत्ताच लागत नाही.

माझ्यासाठी एक धनगर ताम्हिणीहून चालत आला आणि त्याने पंचांपुढे लाज सोडली, तेव्हा कुठे खोलीतलं हसू थांबलं. त्या तिघींसाठी कोण येणार आहे?